कागद कोणत्या राजधानीचा?

भिलाईत कुणाशी ओळख झाली की नावानंतर दुसरा प्रश्न येतो, ‘मूळचे कुठले?’ इथलं गाव कुणाचंच नाही, असं सगळे धरूनच चालतात. 2 फेब्रुवारी 1955 रोजी दिल्लीत सोव्हिएत संघाशी पोलाद कारखान्याचा करार झाला. 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांनी पहिल्या झोतभट्टीचं उद्घाटन केलं. त्या चार वर्षांत आंध्र, बंगाल, केरळ, पंजाब, बिहार आणि विदर्भातून माणसं येऊन इथे राहिली. माझे बाबा 1958 साली कारखान्यात लागले. मी इथेच जन्मले, इथेच शिकले आणि इथल्याच शाळेत आयुष्यभर शिकवलं. आमचा पत्ता म्हणजे सेक्टर, सडक आणि क्वार्टर नंबर. ‘मूळचे कुठले’ याला बाबा ‘नागपूरकडचे’ म्हणायचे. आजी मात्र ठासून सांगायची, ‘आम्ही बिंबाजीराजांबरोबर आलो.’

बिंबाजीचं नाव छत्तीसगडातल्या बहुतेक जुन्या मराठी घरांत निघतं आणि ते उगीच नाही. नागपूरकर भोसल्यांचे सरदार भास्करपंत 1741 मध्ये बंगालच्या वाटेवर रतनपूरवर आले आणि कलचुरींची सत्ता मोडली. 1758 पासून 1787 मध्ये मृत्यू येईपर्यंत बिंबाजी भोसले रतनपुरात राहून राज्य करत होते. रामटेकडीवरचं राममंदिर त्यांचंच. दप्तरात मराठी आणि मोडी आली तीही त्यांच्या काळात. त्यांच्या मागे सुभेदार आले, 1818 नंतर इंग्रज अधीक्षक, 1830 मध्ये पुन्हा भोसले. तिसरे रघूजी वारले आणि 1854 मध्ये सगळं राज्यच खालसा झालं. या उलथापालथीत शिपाई, कारकून, पुजारी, सावकार अशी बरीच मराठी माणसं नागपूरहून इकडे आली आणि इथलीच झाली. प्रश्न एवढाच होता की आमचं घर त्यांच्यातलं का?

निवृत्त झाल्यावर मी हा शोध हातात घेतला. या शोधातून एक गोष्ट पक्की कळली आणि ती मी आता प्रत्येकाला सांगते. पूर्वजांचं गाव आज कोणत्या जिल्ह्यात आहे, हे आधी विचारू नका. ज्या वर्षाचा कागद हवा आहे त्या वर्षी त्या गावाची राजधानी कुठली होती, ते विचारा. कागद राजधानीच्या मागे जातो. भिलाईच्या परिसराचंच पाहा. 1906 पर्यंत दुर्ग हा जिल्हाच नव्हता, ती रायपूर जिल्ह्यातली तहसील होती. 1 जानेवारी 1906 रोजी रायपूर आणि बिलासपूरचे तुकडे जोडून दुर्ग जिल्हा झाला. 1861 मध्ये मध्य प्रांत झाला तेव्हापासून 1956 पर्यंत आमची राजधानी नागपूर. 1 नोव्हेंबर 1956 रोजी विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, दुर्ग नव्या मध्य प्रदेशात राहिला आणि राजधानी भोपाळला गेली. 1 नोव्हेंबर 2000 पासून राजधानी रायपूर. त्यात राजनांदगाव, खैरागड ही संस्थानं. ती 1948 मध्ये विलीन होऊन दुर्ग जिल्ह्यात आली आणि 1973 मध्ये राजनांदगाव जिल्हा वेगळा झाला. 2012 मध्ये बालोद आणि बेमेतरा वेगळे झाले. म्हणजे एकाच घरातल्या चार पिढ्या एकाच गावात बसून राहिल्या, तरी त्यांचे कागद नागपूर, भोपाळ, रायपूर, दुर्ग आणि बालोद अशा पाच ठिकाणी असू शकतात.

सुरुवात मी वाचनालयातून केली आणि सगळ्यांनी तिथूनच करावी. दप्तरात जाण्याआधी गॅझेटिअर वाचलेलं असलं की काय मागायचं ते कळतं. नेल्सनने संपादित केलेलं दुर्ग जिल्ह्याचं गॅझेटिअर 1910 चं आहे. चार्ल्स ग्रँटचं मध्य प्रांताचं गॅझेटिअर 1870 चं, रिचर्ड जेन्किन्सचा नागपूर राज्यावरचा अहवाल 1827 चा. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांचा जातिजमातींवरचा चार खंडांचा ग्रंथ 1916 चा. यांत तुमचे आजोबा भेटणार नाहीत. पण गावात पीक कोणतं, बाजार कुठला, कोणत्या साली दुष्काळ, रस्ता कधी झाला, हे सगळं भेटतं, आणि मग आजोबांच्या एका ओळीच्या नोंदीला अर्थ येतो. रायपूरला आनंद समाज वाचनालय आहे, महंत घासीदास संग्रहालय आहे. हे संग्रहालय 1875 मध्ये राजनांदगावच्या राजाने उभारलं. जनगणनेत पूर्वज सापडतील अशी पुष्कळांना आशा असते. आपल्या जनगणनेतून लोकांसमोर आकडे येतात, घरोघरची नावं येत नाहीत. विलायतेत तसं नाही. तिथे शंभर वर्षांपूर्वीच्या जनगणनेत कोणत्या घरात कोण राहत होतं ते वाचता येतं. गोव्यातल्या ख्रिस्ती घरांना चर्चमधल्या बाप्तिस्म्याच्या वह्यांचा आधार असतो. आपल्याकडे ती जागा जमिनीच्या कागदांनी घेतली आहे.

म्हणून मग दुर्गची कलेक्टर कचेरी, तिथली नकल शाखा. अर्ज, कोर्ट फी तिकीट, गावाचं नाव, पटवारी हलका, जमीनमहसुलाच्या बंदोबस्ताचं साल. तिथे सगळ्यात जास्त मागणी ‘मिसल’ची. 1920 च्या दशकाच्या अखेरीला जो बंदोबस्त झाला त्याची गाववार फाइल म्हणजे मिसल. छत्तीसगडात अनुसूचित जातिजमातींचा दाखला काढायचा तर 1950 च्या आधी आपलं कूळ इथे राहत होतं हे दाखवावं लागतं, आणि गरीब माणसाकडे त्याचा पुरावा बहुधा या मिसलीतच असतो. त्यामुळे तिथल्या रांगेत माझ्यासारखी हौसेने आलेली बाई विरळाच. माझ्या पुढे-मागे उभी असलेली माणसं नातवाच्या शाळेतल्या प्रवेशासाठी, मुलाच्या नोकरीसाठी आलेली असायची. दप्तरातले बाबू मला म्हणाले, “दीदी, आप बैठिए, इनका काम पहले।” ते मला अगदी योग्य वाटलं.

मिसलीत आडनाव शोधू नये. तिथे माणूस ‘अमुक वल्द तमुक, कौम, साकिन’ असा भेटतो. स्वतःचं नाव, बापाचं नाव, जात, राहायचं गाव. आडनाव असलंच तर हिंदी लेखनिकाच्या कानाने ऐकलेलं. ठोंबरेचा थोमरे, ढोबळेचा डोबले. म्हणून बापलेकाची जोडी धरून शोधायचं. जमीन किती हे रकब्याच्या रकान्यात, जमीन कशी हे मातीच्या नावात. कन्हार काळी, मटासी पिवळी, डोरसा दोन्हींच्या मधली आणि भाठा म्हणजे मुरमाड, जिथे कोदो-कुटकी सोडून फारसं काही होत नाही. कुणाच्या वाट्याला कन्हार होती आणि कुणाच्या भाठा, यावरून त्या घराने पावसाळ्यानंतर काय खाल्लं ते कळतं.

मिसलीतला मला सगळ्यात आवडलेला कागद म्हणजे वाजिब-उल-अर्ज. गावाच्या चालीरीतींची ही लेखी नोंद असते. जंगलातून सरपण कुणी आणायचं, कुरण कुणासाठी मोकळं, तलावाचं पाणी आधी कोणत्या शेताला, मासे कुणाचे, कोटवाराला वर्षाला किती धान, लोहाराला किती, गावठाणात नवं घर बांधायचं तर मालगुजाराला, म्हणजे गावच्या सारा भरणाऱ्या मालकाला, विचारायचं की नाही. मालगुजारी 1951 मध्ये संपली, पण गावात आजही निस्ताराच्या, म्हणजे सरपण-कुरण-पाण्याच्या, हक्कावरून भांडण झालं की म्हातारी माणसं याच कागदाचा हवाला देतात. वंशावळ काढायला निघालेला माणूस नावं आणि तारखांवर थांबतो, हे मला खटकतं. आपला पूर्वज ज्या गावात राहिला त्या गावाचा वाजिब-उल-अर्ज वाचल्याशिवाय त्याचं आयुष्य कळलं असं मी मानणार नाही.

आजोबा तेव्हाच्या संजारी-बालोद भागात पटवारी होते, एवढं घरात माहीत होतं. मला वाटलं होतं, सरकारी माणूस म्हणजे त्यांचं नाव सरकारी गॅझेटात असेल. पण गॅझेटात आणि सिव्हिल लिस्टमध्ये नेमणुका-बदल्या छापल्या जात त्या वरच्या हुद्द्यांच्या. पटवारी इतका खालचा नोकर, की त्याचं नाव छापायचं कुणाला सुचलं नाही. तो सापडतो तो त्याच्या कामात. गावचे जुने खसरे, म्हणजे शेतवार नोंदी, चाळताना पानामागून पान एकाच अक्षराचं आलं. भाषा हिंदी, पण ‘ल’ मराठी वळणाचा, ‘श’ही मराठी. घरातल्या त्यांच्या पत्रांत तेच ‘ल’ मी लहानपणापासून पाहिले होते. खाली सही. गिरदावरीला, म्हणजे पीकपाहणीला, जरीब ही मोजणीची साखळी घेऊन बांधाबांधावरून फिरायचं, कापडी लट्ठ्यावरचा नकाशा पसरायचा, कोणत्या खसरा नंबरात धान, कुठे लाखोळी, कुठे पडीत, ते लिहायचं, आणि बस्ता बांधून पुढच्या गावाला जायचं. वर्षानुवर्षं त्यांनी हेच केलं.

मी तिथे बराच वेळ बसून होते. आमच्या घरच्यांनी स्वतःबद्दल फार थोडं लिहून ठेवलं, दुसऱ्यांबद्दल मात्र ढीगभर. छत्तीसगडातल्या कितीतरी मराठी घरांची गोष्ट अशीच आहे. भोसल्यांच्या काळापासून आम्ही लिहिणारे लोक होतो. ज्यांची नावं लिहिली ते राउत, साहू, सतनामी, गोंड, हलबा. आज त्यांचे नातू रांगेत उभे राहून त्याच पानांची नकल मागतात. आजोबांनी एखाद्या बापाचं नाव घाईत चुकवलं असतं तर ऐंशी-नव्वद वर्षांनी एका मुलाचा दाखला अडकला असता. पटवाऱ्याच्या नोकरीकडे मी तोवर कधी अशा नजरेने पाहिलं नव्हतं. आता पाहते, आणि त्यांच्या नीटस अक्षराचा मला अभिमान आहे.

आजोबांच्या मागे जायचं तर नागपूरशिवाय गत्यंतर नव्हतं. उमरेडच्या चुलतघरी एका पेटीत मोडी कागदांचं पुडकं होतं. महाराष्ट्राचा पुराभिलेख विभाग मोडीचे वर्ग घेतो, पुस्तकंही मिळतात, आणि चिकाटी असली तर वाचता येऊ लागतं. आधी पानभर आडवी रेघ ओढायची आणि तिला अक्षरं टांगत जायचं, हात न उचलता. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, शब्द तोडलेले नाहीत. सुरुवातीला डोळ्यांसमोर नुसत्या वेलांट्या नाचतात, मग एखाद्या दिवशी ‘राजमान्य राजश्री’ उमटतं आणि पुढचं आपोआप सुटायला लागतं. शकात 78 मिळवले की इसवी सन येतो, शुहूर सनात 599 किंवा 600. 2023 मध्ये महाराष्ट्र सरकारने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीमार्फत कुणबी नोंदी शोधायला घेतल्या तेव्हा मोडी वाचणाऱ्यांना अचानक मागणी आली. कारण काही असो, इतके रुमाल सुटले, इतकी पानं कुणीतरी वाचली, ही चांगली गोष्ट झाली. विदर्भात त्या वेळी जी कागदपत्रं लोक धुंडाळत होते, कोतवाल बुकाची नक्कल, शाळेचं दाखल-खारीज, 1954-55 चा अधिकार अभिलेख, त्यांतली बरीच नावं मला दुर्गमध्ये पाठ झाली होती. सीमेच्या अलीकडे कोतवालाचा कोटवार होतो, एवढाच फरक. दोन्ही बाजूंचं दप्तर एकाच प्रांताने घालून दिलेलं.

पुडक्यातलं एक पत्र शके 1821 चं, म्हणजे 1899-1900 चं. पणजोबांनी दुर्ग तहसिलीतून उमरेडला भावाला लिहिलेलं. धान गेलं, लोक सरकारी कामावर खडी फोडायला गेले, शेठजींनी गुमास्ते कमी केले, बैल विकू नका, असा मजकूर. तो छप्पनच्या दुष्काळाचा काळ. संवत 1956 म्हणून छप्पन. गुमास्ते या शब्दाने वाट दाखवली. 1880 च्या दशकाच्या सुरुवातीला नागपूरहून रेल्वे राजनांदगावपर्यंत आली, पुढे 1887 मध्ये स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वेने ती ताब्यात घेतली आणि कलकत्त्याच्या दिशेने नेली. तोवर बैलांच्या तांड्यांवर जाणारं छत्तीसगडचं धान्य आगगाडीने बाहेर निघालं. ते खरेदी करणारे व्यापारी आले आणि त्यांचे हिशेब लिहायला पणजोबांसारखे गुमास्ते. आमचं घर इकडे आलं ते रेल्वेमुळे.

याला दुजोरा मिळाला नाशिकला. तीर्थोपाध्यांच्या वह्यांत यात्रेकरूंनी स्वतःच्या हाताने लिहिलेली वंशावळ असते. हरिद्वारच्या पंड्यांकडे अशाच बह्या आहेत आणि अमेरिकेतल्या साल्ट लेक सिटीच्या जीनिऑलॉजिकल सोसायटीने 1970 च्या दशकापासून त्यांच्या मायक्रोफिल्म घेतल्या आहेत, इतकं त्यांचं मोल. नाशिकच्या वहीत आमच्या आडनावाची एक नोंद होती. आईच्या अस्थी घेऊन आलेला माणूस, तीन पिढ्यांची नावं, शके 1824, आणि पत्ता जिल्हा रायपूर. माझा चुलतभाऊ ती आधी पाहून आला होता आणि ‘हे रायपूरचे कुणी दुसरे, आपण दुर्गचे’ म्हणून त्याने ती सोडून दिली होती. पण शके 1824 म्हणजे 1902-03. दुर्ग जिल्हा व्हायला अजून तीन वर्षं होती. पणजोबांनी त्या दिवशीचा खरा पत्ता लिहिला होता. खालची दोन नावं पत्रातल्या नावांशी जुळली.

मग आजी बिंबाजीराजांचं काय सांगत होती? ते उत्तरही त्याच पुडक्यात होतं. लग्नाची यादी, शके 1846. वधूपित्याचं नाव, गाव रतनपूरजवळचं, जिल्हा बिलासपूर. आजी स्वतःच्या माहेरची गोष्ट सांगत होती. सगळ्या कागदांत वल्द आहे, म्हणजे बाप. खसऱ्यात बाप, शाळेत बाप, वहीत बाप, आजा, पणजा. लग्न होऊन आलेली बाई स्वतःचा दीडशे वर्षांचा इतिहास घेऊन येते आणि तो ठेवायला दप्तरात रकानाच नसतो. ती तो नातवंडांना सांगते, आणि नातवंडं तो सासरच्या खात्यात जमा करतात. वंशावळ काढणाऱ्यांनी लग्नाच्या याद्या, आहेराच्या वह्या, बायकांची पत्रं जपून वाचावीत. बाईचं मूळ गाव बहुधा तिथेच लिहिलेलं असतं. आजीच्या माहेरचा शोध मी आता भोसलेकालीन मोडीतून घेते आहे, आणि आज माझा सगळा वेळ त्यात जातो.

ज्यांना हे आपल्यापुरतंच घरगुती खूळ वाटतं, त्यांना मी माधवराव सप्र्यांचं उदाहरण देते. जन्म 1871, दमोह जिल्ह्यातलं पथरिया. शिक्षण बिलासपूर, रायपूर आणि पुढे बाहेर. 1900 मध्ये पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ मित्र’ मासिक, 1907 मध्ये नागपूरहून ‘हिंदी केसरी’, मृत्यू 1926 मध्ये रायपूरला. मराठी घरातला हा माणूस हिंदी पत्रकारितेचा पाया घालणाऱ्यांपैकी एक. दासबोध आणि गीतारहस्य हिंदीत नेले ते त्यांनीच. एका आयुष्याच्या खुणा आजच्या तीन राज्यांत. विजयदत्त श्रीधर यांनी 1984 मध्ये भोपाळला त्यांच्या नावाने वृत्तपत्रांचं संग्रहालय उभं केलं. जुनी नियतकालिकं गोळा करून ठेवणारी अशी जागा असली की सामान्य माणसाचाही एखादा उल्लेख, सभेचं वृत्त, परीक्षेचा निकाल, मृत्यूची बातमी हाती लागते.

भिलाईत येणाऱ्यांची गोष्ट सगळे सांगतात. जे इथलेच होते त्यांची फार कमी लोक सांगतात. कारखाना आणि वसाहत उभी राहिली ती गावांच्या जमिनीवर. रुआबांधा, मरोदा, रिसाली, खुर्सीपार ही नावं आज सेक्टरांच्या आणि मोहल्ल्यांच्या रूपात उरली आहेत. आमच्याकडे वर्षानुवर्षं कामाला येणाऱ्या बाईंचं सासर अशाच एका गावचं. जमीन गेली, पैसे आले, ते संपले, एवढंच त्यांना माहीत. नातीच्या दाखल्यासाठी जुना कागद हवा होता आणि घरात एक चिटोरंही नव्हतं. गाव महसुली नकाशातून निघून गेल्यावर ‘भुइयां’ पोर्टलवर आजचा खसरा शोधून काय मिळणार? पण संपादन झालं ते 1955 च्या सुमाराला, तेव्हा कागद नागपूर राजधानीच्या पद्धतीने लिहिलेला आणि दुर्ग जिल्ह्यात ठेवलेला. आम्ही दोघी मिळून भू-अर्जन प्रकरणाच्या नकलेचा अर्ज केला. गावाचं जुनं नाव, अंदाजे साल आणि त्यांच्या आजेसासऱ्यांचं बापाच्या नावासकट नाव, एवढ्यावर. निवाड्यासोबतच्या यादीत खातेदार, खसरा नंबर, रकबा आणि मोबदला असं सगळं असतं. त्या यादीत आजेसासरे भेटले, सव्वातीन एकर मटासी आणि एक आंब्याचं झाड. तिथून मागे जात मिसल मिळाली, आणि मिसलीत त्यांचे वडील. बाईंनी नकल दोनदा माझ्याकडून वाचून घेतली. आंब्याचे किती पैसे दिले होते ते त्यांना ऐकायचं होतं.